मोठीमायचं रडणं मी छापलं

माझ्या पहिल्या पुस्तकातली पहिली कविता माझी नाही. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही, आणि अंबाजोगाईला कॉलेजात ज्या सरांनी पाठीवर हात ठेवून ‘हे तुला सुचलं कसं रे?’ म्हणून विचारलं, त्यांना तर नाहीच. त्यांना मी म्हणालो होतो, ‘सुचलं, सर.’ तेवढ्या दोन शब्दांवर पुढं तीसेक वर्षं मी कवी म्हणून मिरवलो. ती कविता माझ्या चुलतीची आहे. खरं तर तिला कविता म्हणायलाही जीभ रेटत नाही, ते तिचं रडणं आहे. पोटच्या लेकीच्या मरणावर ती आमच्या अंगणात रडली आणि मी भिंतीआड बसून ते वहीत उतरवून घेतलं. तेवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ चाललं असतं.

चुलतीला आम्ही मोठीमाय म्हणायचो. माझे वडील आणि थोरले चुलते तात्या, दोघा भावांची एकच चूल, आणि चुलीपुढं माझी माय आणि मोठीमाय. माय भाकरी थापायची, मोठीमाय भाजायची. त्या थापण्याच्या तालावर मोठीमायचं बोलणं चालायचं आणि ते मध्येच तोडायची कुणाची छाती नव्हती. बाजरीची भाकरी, येसराची आमटी, आणि वर करडईच्या तेलाची बारीक धार. धार सोडताना ती हमखास गप्प व्हायची, कारण तेल जपून वाढायचं असे. पाच जणांच्या ताटात धार पडून झाली, की बोलणं जिथं तुटलं होतं त्याच शब्दापासून पुन्हा सुरू. अर्धं वाक्य हवेत टांगून ठेवायचं आणि ऐकणाऱ्याला तिथंच थांबवून ठेवायचं, हे मी कुठल्या पुस्तकात शिकलेलो नाही. त्या वेळी मी शिकत नव्हतोच म्हणा, भाकरीची वाट बघत होतो.

आमचं गाव बालाघाटाच्या डोंगरात. खाली, गेवराईच्या अंगाला, गोदावरीकाठची गंगथडी. तिथली माती काळी आणि खोल. आमच्याकडं नांगर दगडाला अडायचा. आमच्या डोंगराचं खरं पीक म्हणजे सीताफळं, आणि ती बायकांच्या हातची. दसऱ्याच्या सुमारास दिवस उगवता उगवता गावच्या बायका पाट्या घेऊन डोंगर चढायच्या. मी छातीनं अशक्त, लगेच धाप लागायची, म्हणून मला औतापाशी कुणी नेत नसे. मी बायकांबरोबर जायचो. तात्या चिडवायचे, ‘बायकांत राहून तुजं तोंड बी बायकांचंच व्हनार बे.’ मोठीमाय चुंबळ डोक्यावर ठेवता ठेवता म्हणायची, ‘हू द्या की. तुमच्या तोंडानं कुनाचं भलं झालंय?’

वर गेलं, गाव डोळ्याआड झालं, की त्या बायकांचा आवाजच बदलायचा. सासवांच्या नकला, नवऱ्यांच्या घोरण्याच्या नकला, सरपंचाच्या चालण्याची नक्कल. हसून हसून पाट्या खाली ठेवाव्या लागायच्या. मोठीमाय मला फळ ओळखायला शिकवायची. ‘ह्याचं डोळं उघडल्यात का बघ. खवल्याखवल्यामदी पांढरी रेघ दिसली की समज, तयार झालं. त्याच्या आदी तोडून आढीत घाल न्हाईतर गादीवर निजव, दगडाचं दगडच ऱ्हातंय. वरनं काळं पडतंय तेवढं.’ तिचं सगळं बोलणं असंच असायचं. डोळ्यांना दिसेल तेवढंच बोलायची, आणि ते बरोबर जागी जाऊन बसायचं.

पण तिचं नाव होतं ते रडण्यात. आमच्याकडं मयताच्या घरी भेटीला जाणारी बाई गावच्या शिवेपासूनच हेल काढते. घरातल्या बायका तिला सामोऱ्या जातात, गळ्यात गळा पडतो, आणि मग बोलून रडणं सुरू होतं. त्या बोलण्यात काहीही म्हणायची मुभा असते. मेलेल्याचे दोष, जितेपणी त्याला छळणाऱ्यांचे दोष, देवाचे दोष. पुरुष बाहेर झाडाखाली बसून सगळं ऐकतात आणि ऐकलंच नाही असं दाखवतात. नियम एकच आहे, आणि तो कुणी शिकवावा लागत नाही. रडण्यातलं बोलणं उंबऱ्याबाहेर न्यायचं नाही, आणि दुसऱ्या दिवशी त्याचा जाब विचारायचा नाही. एरवी ज्यांनी वर्षवर्ष तोंड उघडलेलं नसायचं, त्या बायकांना एवढाच एक दरवाजा होता.

शेजारच्या कोंडाबाईशी मोठीमायचं जन्माचं भांडण. कोंडाबाई वारली तेव्हा मोठीमाय तिच्या दारात जाऊन बसली आणि हेल काढला, ‘माज्या कोंबड्यांला दगडं मारनारी गेली गं माय, आता सकाळी उठून म्या कुनाला शिव्या दिऊ गं…’ बाहेर बसलेले पुरुष खाली मान घालून हसले. आणि मग कोंडाबाईचा थोरला लेक, ज्याच्या डोळ्यांतून सकाळपासून टिपूस आलं नव्हतं, तो ढसाढसा रडायला लागला. इतकी वर्षं लिहितोय, पण एका वाक्यात असं हसवून रडवणं मला एकदाही साधलेलं नाही.

मागच्या आठवड्यात एका तरुण प्राध्यापकाचा फोन आला. डोंगरी भागातल्या स्त्रियांचा तिथल्या लेखकांवर पडलेला प्रभाव, या विषयावर तुम्हीच बोलायला हवं, म्हणाला. प्रभाव हा शब्द फार सोयीचा आहे. ऊन अंगावर पडावं तसा तो आपोआप पडतो, घेणाऱ्याच्या माथी काही दोष येत नाही. मी जे घेतलं ते हात पुढं करून घेतलं. खोकल्याचं निमित्त सांगून मी त्याला नाही म्हटलं, आणि मग चार दिवस नीट जेवलो नाही, तेव्हा बायकोनं विचारलं, ‘काय झालंय?’ काही नाही म्हणालो. त्यानंतर हे लिहायला बसलो.

मोठीमायला एकच लेक, सुमन. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी, मी तिला आक्का म्हणायचो. सोळावं सरायच्या आत तिला गंगथडीला दिली. सगळं गाव म्हणालं, पोरगी सुटली, आता डोक्यावर घागर घेऊन घाट चढायला नको. तिला मुलगी झाली, मीरा. मीरा दोन वर्षांची असेल, ऐन कापूस वेचणीच्या दिवसांत आक्काला कावीळ झाली. ‘येचनी उरकू द्या, मंग दवाखाना बघू’ असं झालं, कुणाचं तरी झाडपाल्याचं औषध झालं, आणि वेचणी उरकायच्या आधी आक्का उरकली. त्या घरात दुष्ट कुणी नव्हतं, हे मला सांगितलं पाहिजे. घाई होती, कापूस फुटलेला होता, आणि सुनेचं दुखणं मागं पडलं.

दहाव्यानंतर आक्काची सासू चार बायका घेऊन आमच्याकडं भेटीला आली. सासरे, ज्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, ते बाहेर तात्यांशेजारी बसले. मोठीमाय विहिणीच्या गळ्यात पडली आणि बोलली. ‘डोळं न उघडलेलं फळ माजं तोडून खाली न्हेलं गं ईनबाई, गंगथडीच्या आढीत काळं पडलं गं ईनबाई… पांढऱ्या कापसात पिवळी लेक हुबी केली, कुनाला तिचा रंग दिसला न्हाई गं ईनबाई…’ असं कितीतरी वेळ. आणि ती सासू तिला घट्ट धरून म्हणत होती, ‘चुकलं गं बाई, लई चुकलं.’ पुढं दोघी तशाच रडत राहिल्या. मग दोघींनी तोंड धुतलं, एकाच ताटात दोन घास खाल्ले. निघताना अण्णा म्हणाले, ‘लेक गेली, पर नात तुमचीच हाय. दिवाळीला आन उन्हाळ्यात म्या सोता आनून सोडीन.’ आणि त्यांनी शब्द पाळला.

त्या दिवशी मी स्वयंपाकघरात, भिंतीला टेकून बसलो होतो. बारावीला होतो, मांडीवर रसायनशास्त्राची वही होती. तिची मागची कोरी पानं उघडून मी लिहायला लागलो. रडत होतो आणि लिहीत होतो. रडणं खरं होतं, आक्कानं मला कडेवर वागवलं होतं. पण ‘पांढऱ्या कापसात पिवळी लेक’ हे ऐकलं तेव्हा माझ्या मनात जे आलं ते असं होतं, की ही ओळ हातची जाता कामा नये. बहीण मेली होती आणि मी ओळ जपत होतो. या गोष्टीची मला आजही सगळ्यात जास्त घृणा येते, पुढं जे झालं त्याच्याहूनही जास्त.

मीरा दोन दिवाळ्या आणि दोन उन्हाळे आमच्याकडं आली. ती यायच्या आधी आठ दिवस मोठीमायचा हात हलका चालायचा. शेंगदाण्याचे लाडू, धपाटे, आणि त्या बारक्या पोरीपुरती बिनतिखटाची आमटी वेगळ्या गाडग्यात. मीरा आक्कासारखीच नाकात बोलायची. ती अंगणात काही बडबडायला लागली, की मोठीमाय तवा उतरवून ठेवायची आणि पाठ न वळवता नुसती ऐकत बसायची. वळून बघितलं तर आक्का दिसायची नाही ना, म्हणून.

मी अंबाजोगाईला शिकत होतो. दुसऱ्या वर्षी कॉलेजच्या वार्षिकांकासाठी कविता मागवल्या. माझ्या चार-दोन स्वतःच्या होत्या, चंद्रबिंद्र असलेल्या. त्या मलाच फिक्या वाटल्या. मग ट्रंकेतून रसायनशास्त्राची वही काढली. ‘ईनबाई’ खोडलं, ‘गं’ खोडले, ओळी मोडून एकाखाली एक लावल्या आणि वर माझं नाव घातलं. ‘गंगथडी’ मात्र राहू दिलं, कारण शब्द चांगला वाजत होता. अंक आला, सरांनी ती वर्गात वाचून दाखवली. त्यानंतरचं ‘सुचलं, सर’ वर सांगितलंच आहे.

त्या उन्हाळ्यात मी घरी होतो. मीरा यायच्या दिवशी मोठीमायबरोबर मी घाट उतरून फाट्यावर गेलो, पोरीला आळीपाळीनं खांद्यावर घेऊन चढायचं असायचं म्हणून. मोठीमायच्या हातात लाडवांचं गाठोडं होतं. पोर उतरल्या उतरल्या तिच्या हातात लाडू गेला पाहिजे, असा तिचा दंडक. बस थांबली. अण्णा उतरले, एकटेच. मोठीमाय त्यांच्या पाठीमागं दाराकडं बघत राहिली. कंडक्टरनं दार ओढून घेतलं, बस गेली, तरी बघत राहिली.

‘पोर कुटंय?’

‘घरी हाय. बरी हाय.’

‘मंग आनली कावून न्हाई?’

अण्णांनी पिशवीतून वार्षिकांक काढला. पान दुमडून ठेवलेलं होतं. ‘आमच्या गावचं एक पोरगं अंबाजोगाईला शिकतंय,’ ते म्हणाले. ‘त्यानं हे हाटेलात मोठ्यानं वाचून दावलं. समद्या गावानं ऐकलं, ईनबाई. लेकाच्या दुसऱ्या बायकोचा बाप घरी इचारायला आलता, की खरं काय झालतं म्हनून.’

मोठीमायला अक्षर येत नव्हतं. तिनं कागदाकडं पाहिलं आणि मग माझ्याकडं. अण्णांनी चष्मा लावला आणि अडखळत, बोट फिरवत, चार ओळी वाचल्या. पिवळ्या लेकीच्या ओळीपाशी आले तेव्हा मोठीमायनं पदर तोंडाला लावला. आपलंच रडणं व्याह्याच्या तोंडून तिला उन्हात, रस्त्यावर ऐकावं लागलं.

‘त्या दिशी तुमी रडलाव, ते म्या बाहेर बसून ऐकलंच की,’ अण्णा म्हणाले. आवाज चढला नव्हता. ‘मनात ठिवलं का? पोर आनून सोडली का न्हाई? रडन्यातलं रडन्यात जातंय. पर हे रडनं न्हाई, हे छापलंय. मला एवढंच सांगा, हे तुमी ह्याला लिवाय लावलं, का ह्यानं आपल्या मनानं केलं?’

म्हातारा न्यायानं विचारत होता. दरवाजा त्यानं उघडा ठेवला होता. मी ‘माझ्या मनानं केलं’ म्हणालो असतो, तर त्यानं मला तिथंच दोन थोबाडीत दिल्या असत्या, परत जाऊन हॉटेलात सांगितलं असतं की शिकलेल्या पोरानं आगाऊपणा केला, बाईचा काही दोष नाही. रडणं पुन्हा रडणं झालं असतं आणि दिवाळीला मीरा आली असती. हे मला पुढं कधी विचार करून कळलेलं नाही. त्या क्षणी, त्या फाट्यावर, मला सगळं ठाऊक होतं. आणि माराची भीतीही नव्हती. चुलतीचे शब्द तिला न विचारता उचलले असं म्हटलं, की ती कविता माझी राहत नव्हती. मी चपलेनं खडी उकरत उभा राहिलो.

मोठीमायनं माझ्याकडं थोडा वेळ पाहिलं. मग पदर तोंडावरून काढला आणि म्हणाली, ‘म्याच सांगितलं.’

‘इचार करून बोला, ईनबाई.’

‘केलाय इचार. माज्या लेकीचं हाय, म्याच लिवाय लावलं. पोराला काय बोलू नका. त्याची शाळा हाय.’

अण्णांनी अंक दुमडून परत पिशवीत घातला. ‘मंग आता माज्या हातात काय ऱ्हायलं न्हाई,’ एवढंच म्हणाले. खालची बस यायला वेळ होता. दोघंही झाडाच्या सावलीत, चार हातांवर, बसले. मोठीमायनं फिरकीच्या तांब्यातलं पाणी दिलं, ते अण्णांनी घेतलं. बस दिसली तेव्हा तिनं गाठोडं पुढं केलं, ‘एवढं पोरीला द्या.’ तेही त्यांनी घेतलं, काखेत नीट धरलं आणि बसमध्ये चढले.

घाट चढताना मोठीमाय पुढं आणि मी मागं. अर्ध्या वाटेवर ती दम खायला थांबली. मला वाटलं आता बोलेल. तिनं विचारलं, ‘तुज्या कालिजात चांगलं म्हनले का?’

‘हो.’

‘बरं,’ म्हणाली. थोड्या वेळानं, ‘घरी सांगू नको. उगं भांडनं व्हतील.’

मी सांगितलं नाही. मीरा त्यानंतर आमच्या घरी आली नाही. तात्या एकदा तिला आणायला गेले, त्यांना चहा पाजून परत पाठवलं. सहा-सात वर्षांनी तात्या गेले. गावोगावच्या बायका आल्या, मोठीमायच्या गळ्यात पडल्या, हेल काढून थांबल्या, तिनं पुढचं बोलावं म्हणून. ती बोलली नाही. नुसती बसून राहिली, कोरड्या डोळ्यांनी. कोंडाबाईची सून म्हणत होती, ‘बोल गं आत्या, मोकळी व्हय.’ मोठीमायनं मान हलवली फक्त. तिनं त्यानंतर कुणाच्याच मरणाला बोलून रडणं केलं नाही. गावात माझी थट्टा व्हायची, मी ओसरीवर आलो की एखादी म्हणायची, ‘दत्ता आला गं, तोंडं सांभाळा, छापील.’ सगळ्या हसायच्या, मीही हसायचो. पण कुठल्याही मयताला मी गेलो आणि माझी चाहूल लागली, की आतलं बोलणं बंद पडतं, नुसता हुंदक्यांचा आवाज येतो. माझ्यासमोर आमच्या गावच्या बायका बोलून रडत नाहीत. डोंगरातल्या बायकांचा लेखक म्हणून माझी ओळख करून देतात, तेव्हा मला हेच आठवतं.

तीन वर्षांमागं पालीला एका लग्नात मीरा भेटली. कुणीतरी ओळख करून दिली. आता तिची स्वतःची दोन लेकरं आहेत. ती माझ्या पाया पडली. आवाज तोच, नाकातला. ‘मामा, तुमच्यावर माझा राग न्हाई,’ ती म्हणाली. ‘तुमी ल्हान होता. आजीनं सांगितलं तसं तुमी लिहिलं. पण आजीला माझ्यापेक्षा आमच्या घराची बेइज्जती मोठी वाटली, हे मला अजून पचत न्हाई.’ लेकरानं तिचा पदर ओढला. मी म्हणालो, ‘पंगत बसलीय, आधी जेवून घे.’

म्हणजे मी दुसऱ्यांदा गप्प बसलो, आणि या वेळी मी विशीतला नव्हतो.

मोठीमाय ऐंशीच्या पुढं गेली आहे. गावाकडंच असते, कानानं कमी ऐकू येतं, माणसं मात्र ओळखते. मोठीमायनं मला काहीही लिहायला सांगितलं नव्हतं, ती फाट्यावर माझ्यासाठी खोटं बोलली आणि त्या खोट्यापायी तिनं नात गमावली, हे मला मीराला सांगायचं आहे. मोठीमायच्या समोर सांगायचं आहे, तिला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. ती जिवंत आहे तोवर सांगायचं आहे. हे लिहून झालं, पण ते अजून झालेलं नाही.